टेंभी नाक्यावरची तसबीर

तिला स्वतःचं घर आहे, पण ती घरात कमी आणि रस्त्यावर जास्त असते. घर म्हणजे आनंद आश्रम. ठाणे स्टेशनातून बाहेर पडून जांभळी नाक्याच्या भाजीवाल्या-फुलवाल्यांतून वाट काढत चालत गेलं, तर दहा-बारा मिनिटांत टेंभी नाका येतो. तिथे ती हार घालून बसलेली असते. एरवी मात्र तिची ड्युटी बाहेर. रिक्षाच्या मागच्या काचेवर ती, वडापावच्या गाडीवर ती, नगरसेवकाच्या कार्यालयात खुर्चीच्या मागे ती आणि नाक्यावरच्या प्रत्येक फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात तीच. ठाण्यात तिला ओळखत नाही असा कोणी भेटला, तर तो कालच गावाहून आला असं समजावं.

दिसायला सांगायचं तर काळीभोर दाढी, कपाळावर उभा टिळा आणि समोरच्याला आरपार बघणारे डोळे. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावरचं, आणि ते २००१ पासून तिथेच थांबलेलं. तिच्यासमोर हात जोडणाऱ्यांची वयं मात्र थांबली नाहीत. त्यांतल्या एकनाथ शिंदे यांचा जन्म १९६४ चा. म्हणजे शिष्याने साठी ओलांडली आणि गुरू पन्नाशीतच. तेव्हा सतरंज्या उचलणारी पोरं आता गुडघ्याला बाम चोळून तिच्यापुढे वाकतात. ती तेवढीच तरणी आणि तेवढीच करारी राहिली आहे. मरणाचा एवढा एक फायदा तिने पुरेपूर करून घेतला आहे.

शेजार तिला उत्तम लाभला आहे. सिव्हिल हॉस्पिटलची जागा हाकेच्या अंतरावर. १८७९ सालचं ज्यूंचं सिनेगॉग तिथेच, पारशांची अग्यारी तिथेच, जैन मंदिर तिथेच. थोडं पुढे गेलं की कोर्ट आणि कलेक्टर कचेरी. देव, दवाखाना आणि सरकार, तिन्ही खाती पायी चालण्याच्या टप्प्यात. तरीही ऐंशी-नव्वदच्या दशकात ठाण्यातला अडलेला माणूस ही तिन्ही दारं ओलांडून चौथ्या दाराशी यायचा, आणि तेही रात्री.

ते दार आनंद चिंतामणी दिघे यांचं. १९८४ साली ते शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख झाले आणि मरेपर्यंत जिल्हाप्रमुखच राहिले. ते नगरसेवक नव्हते, आमदार नव्हते, कधी निवडणुकीलाही उभे राहिले नाहीत. लग्न केलं नाही, मुक्काम आश्रमातच. रात्री दरबार भरायचा. भाडेकरू-मालकाचा तंटा, सुनेचा छळ, बिल्डरने अडवलेला फ्लॅट, कॉलेजचा प्रवेश, इस्पितळाचं न परवडणारं बिल, सगळं एकाच ओट्यावर. कोर्टात तारीख मिळायची, इथे निकाल मिळायचा. तोही त्याच रात्री, आणि अंमलबजावणीला माणसं दारातच उभी.

हे सांगताना ठाण्याच्या जुन्या माणसाचा आवाज अजून भरून येतो, आणि त्याचं खोटं नाही. ज्याला कोणी वाली नव्हता त्याला इथे वाली मिळाला, हे हजारो घरांनी अनुभवलं आहे. पण निकाल ज्याच्या विरुद्ध गेला त्याचं काय, हा प्रश्न त्या आठवणींत सहसा येत नाही. त्याला अपील नव्हतं. कागदावर काहीच नसायचं, मग अपील कशावर करणार?

१९८९ साली ठाण्याच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेची मतं फुटली आणि उमेदवार पडला. गद्दारांना क्षमा नाही, हे दिघ्यांचं वाक्य तेव्हा गाजलं. पुढे श्रीधर खोपकर या नगरसेवकाचा खून झाला. दिघ्यांना टाडाखाली अटक झाली, नंतर जामीन मिळाला. तसबिरीवरच्या काचेत या प्रकरणाचं प्रतिबिंब पडत नाही. काच रोज पुसली जाते.

याला हुकूमशाही म्हणायचं का? लष्कर नव्हतं, रणगाडे नव्हते, पालिकेच्या निवडणुका व्हायच्या आणि शिवसेना त्यात हरायचीसुद्धा. पण पक्षाची सारी भाषा छावणीतली: सेना, सैनिक, आदेश, शाखाप्रमुख, विभागप्रमुख, जिल्हाप्रमुख. लोकशाहीबद्दल आपल्याला फारसं प्रेम नाही, हे बाळासाहेब ठाकऱ्यांनी कधी लपवून ठेवलं नव्हतं आणि १९७५ च्या आणीबाणीला त्यांनी उघड पाठिंबा दिला होता. म्हणजे गणवेश नव्हता, पण कवायत होती. अशा व्यवस्थेची खरी परीक्षा प्रमुख जिवंत असताना होत नाही. तो असेपर्यंत ती सुरेख चालते, लोकशाहीपेक्षाही वेगाने. परीक्षा होते ती तो गेल्यावर.

२००१ सालचे गणपतीचे दिवस होते. चतुर्थी २२ ऑगस्टला झाली होती आणि दिघे रात्री-अपरात्री गणपतींच्या दर्शनाला फिरत होते. २४ तारखेला त्यांच्या गाडीला अपघात झाला. सिंघानिया रुग्णालयात उपचार चालू असताना २६ ऑगस्टच्या रात्री हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. बातमी बाहेर आली आणि जमावाने ते रुग्णालय जाळलं. ज्या रुग्णालयात आपला माणूस गेला तेच जाळायचं, ह्यात दुःख किती आणि आता आपल्याला आवरणारं कोणी नाही ही सैरभैर अवस्था किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही. त्या मृत्यूवर अधूनमधून कोणी पुढारी शंकेचा खडा टाकतो. पुरावा काही पुढे येत नाही आणि खडा बुडाला की पाणी पुन्हा शांत.

त्याच आठवड्यात तिचा जन्म झाला. चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फलक लागले. त्यांवर एकच फोटो, हार घातलेला. माणूस गेला आणि तसबीर कामावर रुजू झाली.

कागदोपत्री बघितलं तर सत्तांतर अगदी सोपं होतं. जिल्हाप्रमुख नेमण्याचा अधिकार ठाकऱ्यांच्या ‘मातोश्री’चा, पद रिकामं झालं की दुसरं नाव. तसं ते झालंही. आधी रघुनाथ मोरे जिल्हाप्रमुख झाले आणि २००५ साली एकनाथ शिंदे. शिंदे १९९७ ला नगरसेवक झालेले, दिघ्यांनीच त्यांना पालिकेत सभागृहनेता केलेलं, आणि २००४ पासून ते आमदार. पद असं हातोहात गेलं. पण दिघ्यांचं वजन पदात नव्हतंच. ते रात्रीच्या दरबारात होतं, दिलेल्या शब्दात होतं आणि त्या शब्दामागच्या धाकात होतं. हे आदेश काढून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपल्यानंतर कोण, हे दिघ्यांनी जाहीर सांगितलेलं नव्हतं. मग ते वजन गेलं कुठे? ते तसबिरीत गेलं. आणि तिच्या शेजारी जो उभा राहील त्याच्याकडे त्यातलं थोडं झिरपू लागलं.

तिचा स्वभाव यात फार उपयोगी पडला. ती कोणाला नाही म्हणत नाही. जिवंत दिघे एका शब्दात माणसाला दारातून परत पाठवत. ती कोणालाही शेजारी उभं राहू देते, कोणाचाही हार घालून घेते, कोणाच्याही शुभेच्छा स्वतःच्या नावावर खपवून घेते. २७ जानेवारीला जयंती, २६ ऑगस्टला पुण्यतिथी, मध्ये गुरुपौर्णिमा. हे तिचे मानाचे दिवस. त्या दिवशी शक्तिस्थळावर, म्हणजे दिघ्यांच्या समाधीवर, आणि आश्रमात रांग लागते. पुढची रांग कोणाची, कॅमेऱ्यात कोण, कोणाचा हार मोठा, ह्यावरून त्या वर्षी ठाण्यात कोणाचं चाललं आहे याचा अंदाज बांधता येतो.

पण तिला खरं ओळखायचं तर फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसावं. शाईचा उग्र वास, कोपऱ्यात छपाई यंत्राची खरखर आणि संगणकापुढे विशी-बाविशीचा ऑपरेटर. गिऱ्हाईक खुर्ची ओढून त्याच्या खांद्यावरून बघत बसलेलं. पडद्यावर आधी भगवा उतार येतो. मग पोरगा ‘साहेब’ नावाचं फोल्डर उघडतो. त्यात मागची बाजू कापून तयार ठेवलेले चेहरे असतात. डावीकडे वर बाळासाहेब, उजवीकडे वर दिघेसाहेब. हे दोन सांगावे लागत नाहीत, बोट आपोआप तिकडे जातं. मग मधला मोठा चेहरा, नेत्याचा. त्याच्या खाली वाढदिवसवाला किंवा इच्छुक. आणि तळाला पासपोर्टएवढ्या फोटोंची रांग, ‘शुभेच्छुक’. भांडण नेहमी मधल्या दोन ओळींचं. हा थोडा मोठा कर, त्याचा थोडा खाली घे, याच्या पुढे ‘मा.’ लाव, त्याच्या पुढे नको. नेत्याच्या डोक्याची उंची आणि इच्छुकाच्या डोक्याची उंची यांतलं अंतर इंचाने कमी झालं तरी दुसऱ्या दिवशी फोन येतो. वरच्या दोघांबद्दल कोणाची तक्रार नसते. वरचा कोपरा गेलेल्यांचा. तिथे कोणालाही जागा नको असते.

जून २०२२ मध्ये शिंद्यांच्या बंडाने शिवसेना फुटली आणि त्यानंतर या दुकानांत गंमत झाली. एक गिऱ्हाईक यायचं ते मध्ये शिंद्यांचा चेहरा मागायचं. दुसरं यायचं ते उद्धव आणि आदित्य ठाकऱ्यांचे. बाण कोणाचा, मशाल कोणाची, घोषणा काय, सगळं वेगळं. वर उजवीकडे मात्र दोघांनाही तीच हवी. गिऱ्हाईकं दोन, फाइल एकच. एका फ्लेक्सवर ती निष्ठेची साक्षीदार, दुसऱ्यावर बंडाची. दोन्हींकडे तेच डोळे, आरपार बघणारे.

त्या वर्षीची दहीहंडी ठाणेकरांच्या लक्षात आहे. टेंभी नाक्याची हंडी दिघ्यांची, ती शिंद्यांकडे गेली. पाच मिनिटांवरच्या जांभळी नाक्यावर खासदार राजन विचारे यांची दुसरी हंडी. विचारेही दिघ्यांचेच, पण राहिले ठाकऱ्यांबरोबर. गोविंदा एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर टेम्पोने जात होते आणि दोन्हीकडे तिला सलामी देत होते. थर लावणाऱ्या पोरांना या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना बक्षिसाची रक्कम कळत होती. दीडेक महिन्यांनी नवरात्र आलं. टेंभी नाक्याची देवी दिघ्यांनी १९७८ साली बसवायला सुरुवात केलेली. रश्मी ठाकरे दर्शनाला आल्या आणि नाक्याचा श्वास जरा अडकला. देवीला कोणाचीच अडचण झाली नाही. तसबिरीलाही नाही.

सत्ता माणसाकडून वस्तूकडे आणि वस्तूकडून माणसाकडे जाण्याचा हा खेळ मराठी मुलखाला नवा नाही. पेशवाईत ती वस्तू वस्त्रं होती. पेशवा मेला की नव्या पेशव्यासाठी साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रं यायची. छत्रपती स्वतः किल्ल्यात जवळजवळ कैदेत, फौज पेशव्यांची, खजिना पेशव्यांचा, तरीही ते कापड आल्याशिवाय गादी पक्की होत नसे. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला गेले. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या नारायणरावाचा हात राघोबादादांच्या हाती दिला होता. वस्त्रं नारायणरावाला मिळाली. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला कापलं. मग वस्त्रं राघोबाला आली. पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला मुलगा झाला, आणि बारभाईंनी त्या चाळीस दिवसांच्या पोरासाठी तीच वस्त्रं आणवली. साताऱ्याने तिघांपैकी कोणालाही नाही म्हटलं नाही. साताऱ्याला तो पर्यायच नव्हता.

ह्या भांडणाची किंमत कोणी दिली? ठाण्याने. पुण्यात घर फुटलं आहे हे बघून इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. मग राघोबा पळाला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून, ठाणं ज्या बेटावर आहे ती साष्टी देऊन बसला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती इंग्रजांकडे कायम झाली. १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून झुंजून घेतलेला मुलूख, एका वारसाच्या भांडणात गेला. तो किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, टेंभी नाक्यापासून फार लांब नाही. आणि २० जून २०२२ च्या रात्री शिंदे आणि आमदार निघाले ते कुठे? सुरतेलाच. इतिहास स्वतःची पुनरावृत्ती करतो वगैरे मी म्हणत नाही. मुंबईहून गुजरातेकडे निघालं की पहिलं मोठं गाव सुरतच लागतं. पण ठाण्याशी जोडलेली वारशाची भांडणं दोनदा सुरतेवरून गेली, याची नोंद घ्यायला हरकत नाही.

जगभरच्या हुकूमशहांची हीच रड आहे. ज्या पोर्तुगीज सालाझारच्या राजवटीने १९६१ पर्यंत गोवा सोडला नाही, तो १९६८ साली खुर्चीवरून पडला, मेंदूला मार बसला. त्याच्या जागी कायतानू पंतप्रधान झाला. पण सालाझारला कोणी ते सांगितलंच नाही. १९७० मध्ये मरेपर्यंत मंत्री त्याच्यासमोर येत राहिले आणि देश अजून आपणच चालवतो आहोत या समजुतीत म्हातारा गेला. माणूस जिवंत असतानाच त्याची तसबीर करून ठेवण्याचा हा प्रकार. उत्तर कोरियात किम इल-सुंग १९९४ ला गेला, तर १९९८ च्या घटनेत त्याला कायमचा राष्ट्राध्यक्ष करून टाकलं. तिथे घराघरांत नेत्यांच्या तसबिरी लावाव्याच लागतात, त्यांवर धूळ बसलेली चालत नाही. ठाण्यात असली सक्ती कोणी केलेली नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. इथे तिला लोकांनी आपणहून भिंतीवर घेतलं आहे, आणि त्यात कृतज्ञताही आहे. पण कायमची पदं आपल्याकडेही आहेत. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब गेले आणि ‘शिवसेनाप्रमुख’ हे पद त्यांच्याबरोबरच गोठवलं गेलं. उद्धव ठाकरे ‘पक्षप्रमुख’ झाले. पद तसबिरीकडे, कारभार मुलाकडे.

पाकिस्तानचं उदाहरण त्यातल्या त्यात बोलकं आहे. जनरल झिया १७ ऑगस्ट १९८८ ला बहावलपूरजवळ विमान कोसळून मेला. लष्करी हुकूमशहा, अकरा वर्षं राज्य केलेला, आणि एका दुपारी सगळं रिकामं. लष्कराने मनात आणलं असतं तर दुसरा जनरल बसला असता. पण घटनेत एक ओळ होती, की राष्ट्राध्यक्ष नसेल तर सिनेटचा अध्यक्ष. लष्कराने ती ओळ पाळली, गुलाम इशाक खान आले, नोव्हेंबरात निवडणुका झाल्या आणि डिसेंबरात बेनझीर पंतप्रधान. लष्कराने नंतर काय काय केलं ते वेगळं, पण त्या दिवशी तो कागद कामी आला.

आपल्याकडे तो कागद मागितला निवडणूक आयोगाने. वीस वर्षं तसबिरीवर निभावलं होतं. पण पक्ष कोणाचा हा वाद दिल्लीला गेला तेव्हा तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. आयोगाने विचारलं, पक्षाची घटना दाखवा. १९९९ साली आयोगाच्याच आग्रहावरून घटनेत अंतर्गत निवडणुकांची तरतूद घातली होती. २०१८ मध्ये ती बदलली, आणि तो बदल आयोगाच्या दप्तरी नाही असं निघालं. नेमणुका करणारं मंडळ आणि नेमले जाणारे हेच एकमेकांना निवडतात, असली घटना लोकशाहीची नव्हे, असं आयोगाने म्हटलं आणि घटनेच्या कसोटीवर निकालच देता येत नाही म्हणून डोकी मोजली. पंचावन्नपैकी चाळीस आमदार, अठरापैकी तेरा खासदार शिंद्यांकडे. १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण त्यांना मिळाले. कागद ठेवला नाही म्हणून एक बाजू हरली. कागद ठेवला असता तर दुसरीला कदाचित उठावाची गरजच पडली नसती, पक्षाच्या आत मतदान मागता आलं असतं. दोन्ही बाजूंनी एवढी वर्षं तसबिरीला हार घातले, घटनेला कोणी घातला नाही. ज्या पक्षात दरबाराचा निकाल कोणी लिहून ठेवला नाही, त्यात पक्षाचा नियम तरी कोण लिहिणार?

मधल्या काळात तिच्या चेहऱ्यावरही संकट आलं. मे २०२२ मध्ये ‘धर्मवीर’ चित्रपट आला, प्रसाद ओक दिघे झाले, आणि हुबेहूब झाले. थिएटरात बायाबापड्या रडल्या. बंड झालं ते त्यानंतर महिनाभराने. पुढे काही रिक्षांवर जो चेहरा दिसायला लागला तो नीट बघितला तर नटाचा निघायचा. रिक्षावाला बहुधा दिघे गेल्यावर जन्मलेला. त्याच्यासाठी साहेब तेच. मूळ तसबीर थोडी धूसर, स्टुडिओतल्या जुन्या प्रकाशातली. चित्रपटातली रंगीत, धारदार, मागे धूर सोडलेला. फ्लेक्सवाल्याच्या फोल्डरमध्ये आता दोन्ही असाव्यात, आणि घाईत कोणती उचलली जाते ते त्यालाही कळत नसावं.

२०२४ साली तिला सख्ख्या नात्याने साद घातली. विधानसभेला कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंद्यांसमोर ठाकऱ्यांनी उभे केले केदार दिघे, आनंद दिघ्यांचे पुतणे. आडनाव तेच, रक्त तेच, पत्रकावर तसबीर तीच. समोर शिष्य, त्याच्याही पत्रकावर तीच. मतदारांनी शिंद्यांना लाखाहून जास्त मतांनी निवडून दिलं. त्याआधी लोकसभेत विचाऱ्यांना नरेश म्हस्क्यांनी हरवलं होतं, दोघेही ठाण्याचे माजी महापौर, आणि दोघांच्या प्रचारात ती होतीच. ठाण्याने रक्तापेक्षा शिष्यत्व मानलं, असं शिंद्यांचे लोक म्हणतात. मुख्यमंत्रिपदाची ताकद हातात असताना असं म्हणणं फार अवघड नाही. मला वाटतं, मतदारांनी तसबिरीला बाजूला ठेवून काम करून देणारा माणूस बघितला. दिघ्यांच्या दारात रात्री यायचे तेही तेवढ्यासाठीच यायचे.

त्याच वर्षीच्या गणपतीत आनंद आश्रमात ढोलाच्या तालावर कार्यकर्त्यांनी नोटा उडवल्या. चित्रफीत गावभर फिरली. ज्या ओट्यावर गरिबाच्या इस्पितळाच्या बिलाची सोय व्हायची, तिथे हे. जिवंत दिघ्यांसमोर नोट हवेत गेली असती तर हात खाली येण्याआधी काय झालं असतं, याची चर्चा ठाण्यात बरेच दिवस चवीने चालली. पक्षाने दोन पदाधिकाऱ्यांना निलंबित केलं. शिक्षेचा आदेश निघाला तो जिवंत माणसांच्या सहीने. ती जागेवरूनच बघत होती.

आता फ्लेक्सवर नवी जुळणी आली आहे. मध्ये शिंदे आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून डॉ. श्रीकांत शिंदे, २०१४ पासून कल्याणचे खासदार, तीनदा निवडून आलेले. मुलाच्या फोटोसाठी जिल्हाभरात कोणाला ‘मोठा कर’ म्हणून फोन करावा लागत नाही, ऑपरेटर आपणहून करतो. म्हणजे रक्तापेक्षा शिष्यत्व हे सूत्र एका पिढीपुरतंच होतं की काय, ते कळायला अजून काही वर्षं जातील. ‘मातोश्री’तल्या ज्या गोष्टीवर, घराणेशाहीवर, बोट ठेवलं होतं तीच गोष्ट ठाण्यात चेहरा बदलून उभी राहते आहे, असं विरोधक बोलून दाखवतात. शिंद्यांचे लोक म्हणतात, पोरगा निवडून येतो, नेमलेला नाही. दोन्ही बोलणी एकाच फलकाखाली, चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात, आणि दोन्ही बोलणारे निघताना वर बघून छातीवर हात ठेवतात.